फुकटच्या ब्राउझरचं बिल

कोथरूडमध्ये कुणी फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ टाइप करतं. गूगलचं पान उघडतं आणि त्याच्या लांबलचक पत्त्यात ‘क्लायंट=फायरफॉक्स-बी-डी’ असा रोमन लिपीतला तुकडा दिसतो. गिऱ्हाईक कुणाच्या दारातून आलं, याची ती खूण. वरच्या जाहिरातीवर क्लिक झालं की जाहिरातदार गूगलला पैसे मोजतो, आणि अशा शोधांसाठी गूगल फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला कराराप्रमाणे पैसे देतं.

ब्राउझर एके काळी विकत मिळत. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर फुकट वाटायला घेतला, आणि जानेवारी १९९८मध्ये नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरलाही किंमत सोडावी लागली. ऑपेरा या आणखी एका ब्राउझरने २०००पासून पैसे न भरणाऱ्यांना खिडकीतच जाहिरातीची पट्टी दाखवली. २००५मध्ये ती काढली, कारण शोधाच्या करारातून खर्च भागू लागला. म्हणजे जाहिरात गेली नाही, शोधाच्या पानावर जाऊन बसली.

मोझिलाचं २००५चं उत्पन्न सुमारे ५.३ कोटी डॉलर होतं, बहुतेक गूगलकडूनच. २००८मध्ये गूगलने क्रोम आणला आणि पोशिंदाच प्रतिस्पर्धी झाला. २०१४मध्ये मोझिलाने अमेरिकेत शोधासाठी गूगलऐवजी याहूशी पाच वर्षांचा करार केला. तो टिकला तीनच वर्षं: पुष्कळांनी सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा गूगल निवडलं. खरी अडचण इथे आहे. ज्या शोधयंत्राकडे लोक स्वतःहून परततात, त्याच्याशी घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

तरी मालक पैसे देतो म्हणून हुकूमही देतो, इतकं हे सरळ नाही. माग काढणाऱ्या तृतीय-पक्ष कुकीज (उघडलेल्या साइटऐवजी भलत्याच कंपनीने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या) फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९पासून आपणहून अडवल्या; ॲपलच्या सफारीने मार्च २०२०मध्ये तृतीय-पक्ष कुकीज सरसकट बंद केल्या, आणि २०२२मध्ये त्याच ॲपलने सफारीतल्या शोधासाठी गूगलकडून २० अब्ज डॉलर घेतले. क्रोमने मात्र जानेवारी २०२०मध्ये त्या दोन वर्षांत बंद करण्याचा वायदा केला, तो पुढे ढकलत नेला आणि २०२५मध्ये गुंडाळला. जाहिरातीचं दुकान स्वतःचं असलं की असं होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. उपाययोजनेच्या सुनावणीत हे पैसे थांबवू नका, असं खुद्द मोझिलाच सांगत होती. फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा सुमारे ८५ टक्के भाग तिथूनच येतो, अशी साक्ष तिच्या वित्तप्रमुखांनी दिली. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने ‘फक्त गूगलच’ अशा अटी गेल्या, पैसे देण्याची मुभा राहिली.