मशीन घड्याळ बघतं, पोदेर पीठ बघतो

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाव भाजून दारोदार विकणाऱ्या आमच्या गोव्यातल्या बेकराच्या, सायकलचा भोंगा वाजला की फोंड्यातल्या आमच्या घरी चहाचं आधण चढतं. उंडे, पोई, कातरे पाव, जे हवं ते दारात मिळतं. मग घरात ब्रेड मशीन कशाला, हा आईचा प्रश्न रास्तच होता. पण बाबांचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, आणि दारावर येणाऱ्या पावातलं मीठ काही आपल्या हातात नसतं.

मशीन आलं ते मे महिन्यात. पुस्तिकेतल्या कृतीप्रमाणे सगळं मोजून घातलं, फक्त मीठ निम्मं केलं, आणि ‘बेसिक’चं बटण दाबलं. दोन तासांनी काचेतून पाहिलं तर पीठ झाकणाला टेकलं होतं. भाजून झालं तेव्हा ब्रेडचा मधला भाग खड्ड्यासारखा बसलेला, आतली जाळी मोठी मोठी, आणि वासाला आंबूस. हे का झालं हे शोधताना त्या बटणांचा खरा अर्थ मला कळला.

प्रत्येक सेटिंग म्हणजे एक वेळापत्रक आहे. डब्याच्या तळाशी मळणारं पातं, डब्याभोवती तापणारी कॉइल आणि तापमान मोजणारा सेन्सर, एवढीच यंत्रसामग्री. मळा, थांबा, पुन्हा मळा, फुगू द्या, हवा काढा, पुन्हा फुगू द्या, भाजा. कोणत्या टप्प्याला किती मिनिटं आणि किती ऊब, एवढंच बटणानुसार बदलतं. ‘बेसिक’ला साधारण तीन ते चार तास लागतात.

मधला ‘थांबा’ वाया जाणारा वेळ नव्हे. मैद्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी लागून ती एकमेकांत गुंतली की ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पुरणपोळीची कणीक तिंबून झाकून ठेवतो तेव्हा हेच घडत असतं. यीस्ट पिठातल्या साखरेवर जगतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो वायू या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये घरगुती ब्रेड मशीन बाजारात आणलं, त्याआधी तिच्या इंजिनिअरांना मळण्यानेच अडवलं होतं. कवच करपायचं आणि आत कच्चं राहायचं. तेव्हा इकुको तानाका या कंपनीतल्या सॉफ्टवेअर तज्ज्ञ ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळायला शिकल्या. तो बेकर पीठ नुसतं दाबत नाही, ताणता ताणता पिळतो, हे त्यांनी हेरलं. मग डब्याच्या आतल्या बाजूला कंगोरे दिले गेले, म्हणजे पातं फिरताना गोळा तिथे अडतो आणि ताणला जातो. पोदेराचा हात मशीनने उचलला, असं म्हणायला हरकत नाही. पण पोदेराची नजर मशीनला आली नाही. पोदेर गोळा किती आला ते बघून, बोटाने दाबून भट्टीत घालायचं ठरवतो. मशीन मिनिटं मोजतं.

ही मिनिटं ठरवताना साधारण २० ते २५ अंशांचं स्वयंपाकघर गृहीत धरलेलं असतं. मशीनला थंड पीठ उबदार करता येतं, तापलेलं पीठ गार करता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात डब्यातला मैदाच ३२ अंशांवर असतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून गरम, आणि मळताना घर्षणाने गोळा आणखी तापतो. तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं की यीस्टचा वेग साधारण दुपटीवर जातो. म्हणजे मशीनच्या घड्याळात फुगायचा वेळ अर्धा उरलेला असताना यीस्टचं काम संपलेलं असतं. जाळं ताणून ताणून पातळ होतं आणि भाजताना कोसळतं.

त्यात मी मीठ कमी केलं होतं. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि ग्लुटेनही घट्ट करतं. म्हणून ४०० ग्रॅम मैद्याला सहसा ७-८ ग्रॅम मीठ घालतात. ते निम्मं केलं तर यीस्टही कमी करायला हवं, हे पुस्तिकेत कुठेच नव्हतं. आता मी फ्रिजमधलं पाणी वापरते आणि एक चमचा यीस्टऐवजी पाऊण चमचा घालते. बाबांचा ब्रेड आता ताठ उभा राहतो.

बाकीची बटणं वेळ आणि ऊब या एका सूत्रावरून उलगडतात. ‘होल व्हीट’ला वेळ जास्त, कारण कोंडा पाणी सावकाश पितो आणि त्याचे टोकदार कण ग्लुटेनचे धागे कापतात. बऱ्याच मशीनांत या सेटिंगवर सुरुवातीला पीठ नुसतं भिजत ठेवलं जातं. तेवढ्यात पातं फिरलं नाही म्हणून मशीन बिघडलं समजू नका. आपला चक्कीचा आटा मैद्यापेक्षा बराच जास्त पाणी मागतो, तेव्हा पाणी बेताबेताने वाढवा. ‘स्वीट’मध्ये भाजण्याची आच सौम्य असते, कारण साखर लवकर करपते. ‘फ्रेंच’मध्ये तेल-साखर नावापुरती किंवा मुळीच नाही, आंबवणं लांब आणि कवच कडक. ‘रॅपिड’ मला पटत नाही. पावाचा सुगंध सावकाश आंबण्यातून येतो. पूर्वी गोव्यात पाव माडाच्या सुरेने फुगवत, त्याच्या चवीची आठवण जुनी माणसं अजून काढतात, त्यामागे सुरेतल्या रानटी यीस्ट-जिवाणूंचं हेच धिमं काम आहे. ‘रॅपिड’ तो वेळ कापतं आणि वर यीस्ट जास्त मागतं.

कवचाच्या रंगाचं बटण फक्त शेवटच्या भाजण्यावर चालतं. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली प्रथिनं आणि साखरेची अभिक्रिया हा रंग आणि तो खमंग वास देते. आमच्या दमट हवेत कवच तासाभरात मऊ पडतं, म्हणून मी ‘डार्क’ निवडते. भाजून झाल्यावर मशीन ब्रेड आणखी तासभर उबदार ठेवतं, ती सोय मात्र टाळा. आतली वाफ कवचात मुरून ते चामट होतं. लगेच काढा आणि जाळीवर ठेवा.

टायमर लावून रात्री सगळं घालायचं असेल तर पाणी आणि मीठ तळाशी, त्यावर मैदा, आणि मैद्यात खळगा करून कोरडं यीस्ट, म्हणजे वेळेआधी ते पाण्याला लागत नाही. दूध किंवा अंडं असलेली कृती टायमरवर लावू नका. आपल्या उकाड्यात रात्रभर ते टिकत नाही. पावसाळ्यात टायमरला दुसराही धोका आहे. वीज थोडाच वेळ गेली तर काही मशीनं पुढे सुरू करतात, जास्त वेळ गेली तर कार्यक्रम पुसला जातो. तसं झालंच तर फुगलेला गोळा फेकू नका, वीज आल्यावर ‘बेक’ हे एकटं बटण दाबा.

जुलैत मैदा स्वतःच हवेतला ओलावा धरतो, तेव्हा पाणी एक-दोन चमचे कमी लागतं. हे कोणत्याच बटणाला कळत नाही. म्हणून मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांत झाकण उघडून बघा. त्याने काही बिघडत नाही. गोळा गुळगुळीत असावा, बोटाला किंचित चिकटावा आणि डब्याच्या भिंती सोडाव्यात. भिंतीला लेप बसत असेल तर चमचाभर मैदा, गोळा खडबडीत होऊन पातं अडखळत असेल तर चमचाभर पाणी. मग झाकण लावा आणि भाजून होईपर्यंत उघडू नका.