शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले होते?

लकवा झालेल्या रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांना डॉक्टर सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतात: यांना शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले होते? कारण उपचारांची वेळ दवाखान्याच्या दारापासून नव्हे, त्या क्षणापासून मोजली जाते. रात्री नऊला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला तोंड वाकडे झालेल्या अवस्थेत आढळला, तर त्याचा लकवा नऊचाच धरावा लागतो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत घरीच उलटलेली असते. मोठ्या केंद्रांत एमआरआय करून यातून कधीकधी वाट निघते; तालुक्याच्या गावी ती सोय नसते.

बहुतेक पक्षाघातांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते. त्या वाहिनीवर सर्वस्वी अवलंबून असलेला भाग काही मिनिटांत मरतो, परंतु त्याभोवतीचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास तग धरतो, आणि वाचवायचा असतो तो हाच. मोठी वाहिनी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. उशीर झाला की इंजेक्शनचा लाभ घटत जातो; रक्तस्रावाचा धोका मात्र कायम राहतो.

उरलेल्या रुग्णांत वाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि फुटलेल्या वाहिनीवर तेच इंजेक्शन जीवघेणे ठरते. म्हणून जवळचा दवाखाना नव्हे, तर सीटी स्कॅन चालू असलेला जवळचा दवाखाना गाठावा लागतो. गडचिरोलीतील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले, साधारण सातांपैकी एक मृत्यू त्याचा, आणि त्यांतील बहुसंख्य घरीच झालेले. पर्लकोटा नदीला पूर आला की याच जिल्ह्यातील भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे साडेचार तासांचा हिशेब कोणी कसा मांडावा?

तेलाच्या मालिशीत किंवा कबुतराच्या रक्ताच्या लेपात जाणारा वेळ मात्र आपल्या हातातला आहे. काही रुग्ण आपोआप थोडे सुधारतात आणि श्रेय बिचाऱ्या कबुतराला मिळते. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसताच १०८ क्रमांकावर फोन करावा. गिळता येत नसण्याची शक्यता असल्याने रुग्णाला पाणीही पाजू नये. शेवटच्या धडधाकट क्षणाची वेळ चिठ्ठीवर लिहावी आणि नेहमीच्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत, कारण त्यांत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर इंजेक्शनचा निर्णयच बदलू शकतो.