संगीतप्रेरित हालचाल

संगीत कानी पडताच मान डोलते, पाऊल ठेका धरते, कुणी नाचू लागते. ठरवून न बसवलेल्या अशा हालचालींना संगीतप्रेरित हालचाल म्हणतात. शरीर स्थिर असतानाही ताल ऐकला की बेसल गँग्लियासारखे, हालचाल घडवणारे मेंदूतील भाग कामाला लागतात. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांना ठोक्यांच्या साथीने चालणे सोपे जाते, त्यामागे ताल आणि हालचाल यांचे हेच नाते असावे.

हालचालीत माणूस किती उघड होतो, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांच्या १९७३च्या प्रयोगांपासून स्पष्ट होत गेले. अंधारात सांध्यांवर लावलेले दहा-बारा दिवे तेवढे दिसत असले, तरी पाहणारा क्षणात ‘माणूस चालतोय’ हे ओळखतो. पुढे अशाच ठिपक्यांवरून मित्राची चाल आणि नर्तकाचा भावही ओळखता येतो, असे आढळले. दुःखी माणसाची चाल मंदावते, हातांचे झोके आखूड होतात, खांदे पुढे झुकतात.

स्वभावाचा ठसा शोधण्याचे मोठे काम फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठात झाले. तेथील २०१०च्या अभ्यासात व्यक्तिमत्त्व-चाचणीत टोकाचे गुण मिळालेल्या ६० जणांना वेगवेगळ्या शैलींच्या संगीतावर नाचायला सांगून मोशन कॅप्चरने, म्हणजे अंगावरच्या खुणा कॅमेऱ्यांनी टिपण्याच्या तंत्राने, त्यांची हालचाल नोंदवली. बहिर्मुख माणसांचे डोके आणि हात अधिक वेगाने हलत होते; भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तींच्या हातापायांच्या हालचाली झटकेदार होत्या. त्याच विद्यापीठाचा २०२०चा निष्कर्ष तर विलक्षण आहे. ७३ जणांच्या नाचावरून कोणते संगीत चालू आहे हे ओळखायला संगणकाला शिकवले. संगीताची शैली त्याला ३० टक्क्यांहून कमी वेळा ओळखता आली. नाचणारी व्यक्ती मात्र ९४ टक्के वेळा अचूक ओळखली. मेटल संगीतावर नाचणाऱ्यांना वेगळे ओळखणे त्याला तुलनेने जड गेले, कारण मान झटकण्याची तिथली रीत बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली असावी.

भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक अभिनय, म्हणजे अंगाच्या हालचालींतून केलेला अभिनय, याहून वेगळा. तेथे डोके हलवण्याचे १३ प्रकार (शिरोभेद) आणि नजरेचे ३६ प्रकार (दृष्टी) सांगितले आहेत. नट भाव जाणून, साधनेने दाखवतो. संगीतप्रेरित हालचालीत भाव नकळत उमटतो.

या प्रयोगांतील मंडळी प्रयोगशाळेत, मुख्यतः पाश्चात्त्य संगीतावर नाचली. वारीतली पावली किंवा लेझीम यांत पाऊल आधीच ठरलेले असते आणि शेजाऱ्याशी जुळवून टाकायचे असते. अशा सामूहिक तालातही व्यक्तीचा वेगळा ठसा टिकतो का, हे त्या निष्कर्षांवरून सांगता येत नाही. त्यासाठी पावलीचीच मोजमापे घ्यायला हवीत.