हॉस्पिटल चालवायचं शिक्षण, तेही नोकरी करता करता: आधी काय काय घडलं

नाशिकमध्ये अख्ख्या महाराष्ट्रासाठी असलेली दोन विद्यापीठं आहेत. एक गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १ जुलै १९८९ ला सुरू झालेलं. दुसरं दिंडोरी रोडला म्हसरूळकडे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जून १९९८ पासूनचं. एकाचं काम घर-नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना पदवीपर्यंत नेणं आणि दुसऱ्याचं काम डॉक्टर, नर्स, फिजिओ घडवणारी कॉलेजं बघणं. म्हणजे नोकरी करता करता हॉस्पिटल चालवायला शिकणं या विषयाचे दोन्ही अर्धे भाग एकाच शहरात आहेत, आणि तरी इथली इन-चार्ज सिस्टर, बिलिंगचा हेड किंवा पंधरा वर्षं आरएमओ (हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर राहणारा डॉक्टर) म्हणून काढलेला डॉक्टर ऑनलाइन एमबीए शोधायला बसतो तेव्हा त्याच्या मोबाईलवर बहुतेक बाहेरच्या राज्यांतल्या विद्यापीठांच्या जाहिराती येतात.

त्यातून एकच प्रश्न सारखा कानावर येतो, की हॉस्पिटलसारखी गोष्ट ऑनलाइन शिकता येते का, का नुसता कागद हातात पडतो. मला वाटतं याचं उत्तर हा विषय कसा सुरू झाला त्यात सापडतं, म्हणून जरा मागे जाऊन सगळं सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी हॉस्पिटल चालवणं हे वेगळं शिकायचं काम आहे असं कोणी मानतच नव्हतं. अमेरिकेतही सुपरिटेंडेंट म्हणजे कुठे सीनियर डॉक्टर, कुठे मेट्रन, कुठे चर्चची सिस्टर, आणि ही सगळी माणसं काम करता करताच शिकलेली. १९२९ मध्ये मायकेल डेव्हिस नावाच्या माणसाने पुस्तक लिहून मांडलं की हा एक स्वतंत्र पेशा आहे आणि त्याला पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहिजे. १९३३ मध्ये तिकडच्या हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लोकांनी आपलं कॉलेज म्हणजे व्यावसायिक संघटना काढली आणि १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात कोर्स सुरू झाला. त्याआधी तिकडच्याच मार्केट (Marquette) विद्यापीठात एक प्रयत्न झाला होता पण तो टिकला नाही, शिकागोचा टिकला. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हा कोर्स मेडिकल कॉलेजात नाही तर बिझनेस स्कूलमध्ये सुरू झाला. आणि दुसरी, वर्गातल्या शिक्षणाच्या जोडीला चालू हॉस्पिटलमध्ये अनुभवी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हाताखाली काम करणं हा त्या शिक्षणाचाच भाग धरलेला होता. वर्ग अर्धा आणि वॉर्ड अर्धा, असं ते पहिल्यापासून होतं.

आपल्याकडे हे यायला वेळ लागला. १९४६ चा भोर समितीचा अहवाल सगळ्यांना माहीत असतो, स्वातंत्र्यानंतरची सरकारी आरोग्यव्यवस्था त्यावर उभी राहिली. पण प्राथमिक केंद्रं आणि जिल्हा रुग्णालयं उभी राहिली तरी ती चालवायची कोणी, तर सगळ्यात सीनियर सर्जन किंवा फिजिशियनने. ऑपरेशन करणारा माणूस सकाळी ओटीत आणि दुपारी टेंडरच्या फाइलवर. १९६४ मध्ये दिल्लीला आरोग्य प्रशासन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली, तीच पुढे १९७७ मध्ये कुटुंबनियोजनाच्या संस्थेत विलीन होऊन आजची एनआयएचएफडब्ल्यू (राष्ट्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण संस्था) झाली. १९६६ मध्ये दिल्लीच्या एम्सने मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन सुरू केलं, डॉक्टरांसाठी. आपल्या राज्यात पुण्याच्या एएफएमसीने (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजने) हा विषय फार आधीपासून नीट धरला, कारण सैन्यात हॉस्पिटल चालवणं ही जबाबदारीच वेगळी मानतात. १९८४ ला जयपूरची आयआयएचएमआर (आरोग्य व्यवस्थापन शिकवणारी संस्था) आली आणि डॉक्टर नसलेल्यांसाठी दार थोडं जास्त उघडलं. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) नोकरी करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा आहे, त्यात काही दिवस प्रत्यक्ष जायचं आणि बाकीचं घरून, आणि नाशिकच्या माणसाला मुंबई जवळ असल्यामुळे तो जमण्यासारखा.

आता नाशिकमध्ये हॉस्पिटल म्हणजे काय होतं ते बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकात सिव्हिल सोडलं तर पंडित कॉलनी, शरणपूर रोड, गंगापूर रोड इथे दहा-पंधरा बेडची नर्सिंग होम, खाली हॉस्पिटल आणि वर डॉक्टरांचं घर. एक डॉक्टर तपासणार, दुसरा भूल देणार आणि हिशोब, पगार, औषधांची ऑर्डर, आयाबाईंच्या सुट्ट्या हे सगळं घरातलंच कोणीतरी बघणार, बहुतेक वेळा डॉक्टरांच्या मिसेस. कागदावर कायदा एकच, १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा. अशा ठिकाणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ठेवणं हा खर्चच वाटायचा आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याची तितकी गरजही नव्हती.

गरज बाहेरून आली, आणि एकदम आली नाही, एकावर एक थर चढत गेले. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शांता केसमध्ये सांगितलं की वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यामुळे केस पेपर, संमतीपत्र, रजिस्टर हे सगळं जपून ठेवणं आलं. १९९८ ला बायोमेडिकल कचऱ्याचे नियम आले, पिवळी-लाल पिशवी तेव्हापासून. २००१ मध्ये विम्याच्या टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचे) नियम आले आणि कॅशलेस सुरू झालं. २००५-०६ च्या सुमारास एनएबीएच (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मानांकन देणारं मंडळ) आलं. मग राजीव गांधी जीवनदायी योजना, जी २०१२ ला आधी आठ जिल्ह्यांत आली, आपल्या शेजारच्या धुळ्यात त्याच वेळी, आणि नाशिकसकट उरलेल्या राज्यात नोव्हेंबर २०१३ ला. तीच २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना. तिच्यामुळे हॉस्पिटलच्या रिसेप्शनशेजारी आरोग्यमित्राचं (योजनेच्या पेशंटला मदत करणाऱ्या माणसाचं) टेबल आलं आणि सुरगाणा-पेठ-कळवणचा पेशंट रेशनकार्ड घेऊन थेट मोठ्या हॉस्पिटलच्या दारात उभा राहायला लागला. हे फार चांगलं झालं, पण त्यासाठी पॅकेज कोड, प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), फोटो, क्लेम अपलोड करणारी माणसं आणि त्यांच्यावर कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं होतं.

हे काम बाहेरच्यांना कळत नाही म्हणून एक डिस्चार्ज जवळून दाखवतो. राउंडला सर सकाळी साडेनऊला म्हणतात घरी जाऊद्या. नातेवाईक तेव्हापासून बॅग भरून बसतात. पण सिस्टरला उरलेली औषधं फार्मसीला परत करायची असतात, ती परत गेल्याशिवाय फार्मसीचं क्लिअरन्स मिळत नाही, हाउसमनला (ज्युनियर डॉक्टरला) डिस्चार्ज समरी टाइप करायची असते आणि तो नेमका ओटीत असिस्ट करायला गेलेला असतो, लॅबचा एक रिपोर्ट सिस्टिममध्ये चढलेला नसतो, बिलिंगवाला फायनल बिल काढतो तर त्यात फिजिओच्या व्हिजिट राहिलेल्या असतात, मग टीपीए डेस्कवरून सगळं अपलोड, आणि तिकडून क्वेरी येते की अमुक दिवसाचे इनडोअर पेपर पाठवा. तोपर्यंत दुपारचे चार. खाली कॅज्युअल्टीत मालेगावहून आलेला पेशंट बेडसाठी थांबलेला. विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम केला की डिस्चार्जची फायनल मंजुरी ३ तासांत द्यायची, पण ते तीन तास हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासूनचे, त्याआधीचे हॉस्पिटलच्या आत गेलेले तास कोण मोजणार? यात कोणी एक माणूस चुकलेला नसतो, प्रत्येकजण आपलं काम करत असतो, पण कोणत्या पायरीला किती वेळ अडकतं हे मोजून, समरी आदल्या संध्याकाळी तयार ठेवण्यासारखे बदल करून घेणं हेच अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. आणि हे ज्या सिस्टरने वीस वर्षं बघितलंय तिला ते कळतं सगळं, फक्त ते आकड्यांत मांडून मॅनेजमेंटसमोर ठेवायची भाषा कोणी शिकवलेली नसते.

आता दुसरा धागा, लांबून शिकण्याचा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची, त्यावरून जगभर कल्पना पसरली. भारतात पहिलं मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२, मग इग्नू १९८५, आणि आपलं नाशिकचं १९८९. पहिले कुलगुरू राम ताकवले सर, जे पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. ज्ञानगंगा घरोघरी हे त्यांचं ब्रीद आणि धरणाजवळच्या आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री. इथे पोस्टाने आलेलं पुस्तक, गावातलं अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रं, असं सगळं नोकरदार माणसाचं वेळापत्रक समोर ठेवून बांधलेलं होतं. राज्यातल्या किती शाळांच्या मुख्याध्यापकांनी इथून शालेय व्यवस्थापनाची पदविका केली, सेवेतल्या शिक्षकांनी बीएड केलं! म्हणजे शाळा चालवणाऱ्या माणसाला नोकरीत राहून शाळा चालवायला शिकवणं हे नाशिकने करून दाखवलेलं आहे. हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी त्या तोडीचं, मराठीतून, पदव्युत्तर पातळीवर काही उभं राहिलं नाही याची मला मनापासून खंत वाटते. रुग्ण सहायकासारखे छोटे शिक्षणक्रम झाले आणि ते उपयोगीच आहेत, पण मधल्या फळीतला माणूस इग्नूच्या हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटच्या पीजी डिप्लोमाकडे (तोही मुख्यतः डॉक्टरांसाठी) किंवा पुण्याच्या सिम्बायोसिसच्या डिस्टन्सकडे गेला.

मग मधल्या काळात डिस्टन्स हा शब्दच बदनाम झाला, त्याला कारणं होती. काही संस्थांनी परवानगी नसताना गावोगाव सेंटरं काढली. काही अभिमत विद्यापीठांनी डिस्टन्सने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक निकाल दिला. त्याआधी २०१३ मध्ये इग्नूखालची डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल बंद होऊन कारभार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोकडे, म्हणजे डीईबीकडे, गेला होता. २०१८ ला ऑनलाइन पदवीचे पहिले नियम आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्हींचे एकत्र. नॅकचा (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा) ३.२६ किंवा वरचा स्कोर, नाहीतर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात दोनदा, अशा विद्यापीठांना वाट मोकळी झाली, म्हणून तर एकदम इतक्या जाहिराती. त्याच नियमांत मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ हे ऑनलाइन करता येणार नाही हेही लिहिलंय. हॉस्पिटल मॅनेजमेंट मात्र एमबीएच्या छत्राखाली असल्यामुळे राहिलं, आणि इथे ती १९३४ ची गोष्ट आठवते, की हा विषय जन्मला तेव्हाच बिझनेस स्कूलमध्ये होता.

मध्येच कोविड आला. नाशिकला तो काळ विसरता येणार नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरताना गळती झाली, साधारण अर्धा तास पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. त्यानंतर टाकीचा व्हॉल्व्ह, बॅकअप सिलिंडरचा मॅनिफोल्ड, देखभालीचा करार, रात्रपाळीला कोणाला फोन करायचा, या गोष्टी प्रत्येक हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये आल्या. तोवर या गोष्टींना मेंटेनन्सवाल्याचं काम म्हणून बघायचे. कितीतरी सीनियर नर्स आणि आरएमओ त्यानंतर या शिक्षणाकडे वळले, आणि ते प्रमोशनसाठी वळले असं मला वाटत नाही, आपल्याला माहीत पाहिजे होतं या भावनेने वळले.

तर पहिल्या प्रश्नाकडे येतो. ऑनलाइन चालतं का? शिकागोवाल्यांनी विद्यार्थ्याला हॉस्पिटलमध्ये पाठवलं कारण त्याच्याकडे हॉस्पिटल नव्हतं. चाळिशीतल्या इन-चार्ज सिस्टरकडे ते रोज आहे, तिला वर्गाची कमी आहे, आणि वर्ग लॅपटॉपवर येऊ शकतो. त्यामुळे बावीस वर्षांच्या फ्रेशरने घरी बसून हा कोर्स केला तर त्यात अर्धं गायब आहे, पण काम करणाऱ्याने केला तर नाही, फक्त अट एवढीच की प्रोजेक्ट स्वतःच्या हॉस्पिटलवर, खऱ्या आकड्यांवर झाला पाहिजे. विकत घेतलेला प्रोजेक्ट जोडला तर दोन वर्षं आणि फी दोन्ही वाया, कारण शिकायची जागा तीच होती. अ‍ॅडमिशनच्या आधी विचारायचंही हेच, की प्रोजेक्टला गाइड कोण, त्याने कधी हॉस्पिटलमध्ये काम केलंय का, आणि लाइव्ह लेक्चर रात्री आठनंतर आहेत का, कारण शिफ्ट ड्युटीवाल्याला दुपारचं लेक्चर काही कामाचं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त डिस्टन्स आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मात्र सायकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, न्यूट्रिशन, डायटेटिक्ससारखे विषय ऑनलाइन-डिस्टन्समधून काढले, आरोग्याशी संबंधित व्यावसायिकांचा २०२१ चा कायदा आहे त्याच्या आधारे. त्यामुळे कोर्सच्या नावात हेल्थ शब्द आहे म्हणून गृहीत धरू नका, ते विद्यापीठ आणि तो नेमका प्रोग्रॅम त्या सत्रासाठी यूजीसीच्या डीईबीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, आणि आता डीईबी आयडी (विद्यार्थ्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक) काढल्याशिवाय अशी अ‍ॅडमिशन होत नाही, तो आयडी एजंटला काढू देऊ नका, स्वतःच्या मोबाईलवरून काढा.