पार्श्वभूमी: भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ

भाताच्या खाचरात नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब जुळत नाही, हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधकांच्या ध्यानात आले. पीक दरवर्षी नत्र उचलत होते, बाहेरून जेमतेम शेणखत पडत होते, तरी उत्पादन एका पातळीच्या खाली घसरत नव्हते. बंगालच्या भातजमिनींवरच्या कामातून १९३९ मध्ये उत्तर पुढे आले: साचलेल्या पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र स्थिर करते, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणते. १९५० मध्ये बनारसच्या संशोधनाने याच शेवाळाच्या आधारे उसर, म्हणजे खारवट-चोपण जमिनी सुधारण्याचा मार्ग मांडला. त्याच सुमारास जपानमध्ये शेवाळ वाढवून खाचरात सोडून पाहिले गेले.

हे जीव खरे तर जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळेच. गंमत अशी की हाच प्राणवायू नत्र स्थिर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मारक ठरतो, आणि या गटातले बरेचसे वैविध्य त्या पेचातून सुटण्याच्या वाटांमध्ये दिसते. अॅनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स यांच्या धाग्यांत मधूनमधून जाड भिंतीची खास पेशी असते. ती प्राणवायू तयार करत नाही, फक्त नत्राचे काम करते. काही एकपेशीय जाती दिवसा अन्न बनवतात आणि नत्र रात्री स्थिर करतात. अॅनाबिनाची एक जात तर अझोला या पाणनेच्याच्या पानांतील पोकळीतच राहते. खाचर उन्हाळ्यात तडकते तेव्हाही यातल्या अनेक जाती जाड कवचाच्या सुप्त पेशींच्या रूपाने मातीत तग धरतात आणि पावसाच्या पाण्यात पुन्हा वाढू लागतात. पुढचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर रासायनिक खते महागली आणि शेवाळाला धोरणाचे पाठबळ मिळाले. पत्र्याच्या ट्रेमध्ये किंवा उथळ खड्ड्यात माती, पाणी आणि सुपर फॉस्फेट घालायचे, वर शेवाळाचे विरजण टाकायचे, साय जाड झाली की उन्हात सुकवून पापुद्रे गोळा करायचे. लावणीनंतर आठवडाभरात हेक्टरी १० किलो, असे सलग तीन-चार हंगाम टाकले की शेवाळ खाचरात स्थिरावते आणि हंगामाला २० ते ३० किलो नत्र मिळते, असे सांगितले गेले. शेतकऱ्याला हे घरच्या अंगणात करता येत होते, ही त्यातली मोठी जमेची बाजू होती.

पण बाहेरून शेवाळ आणण्याची गरज होती का, हा प्रश्न त्या काळात पुरेसा विचारलाच गेला नाही. खाचरात आधीच किती शेवाळ आहे ते मोजण्याआधी सुकवलेल्या शेवाळाच्या पुडीची शिफारस झाली. १९८० च्या दशकात भारत, फिलिपिन्स आदी देशांतील भातजमिनींचे नमुने तपासले गेले, तेव्हा नत्र स्थिर करणाऱ्या जाती जवळपास सगळीकडे सापडल्या. बहुतेक ठिकाणी त्यांची संख्या शिफारस केलेल्या पुडीतून पडणाऱ्या संख्येहून जास्त होती. बाहेरची जात सोडली तरी ती क्वचितच वरचढ ठरत होती. पुडीने उत्पादन वाढल्याचे प्रयोग आहेत आणि ते खोटे नाहीत, मात्र परिणाम एका जागी दिसतो आणि दुसऱ्या जागी दिसत नाही. पुडी कशी बनवायची यावर जेवढे बळ खर्च झाले, त्याच्या निम्मे तरी खाचरातले मूळचे शेवाळ का खुंटते हे शोधण्यावर खर्च व्हायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खुंटण्याची कारणे बरीचशी ठाऊक आहेत. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतो. गोगलगायी आणि पाण्यातले बारीक कवचधारी जीव शेवाळ फस्त करतात. आम्लधर्मी जमीन त्याला मानवत नाही, आणि कोकणातली जांभ्याची जमीन नेमकी तशी आहे. चौथे कारण आपल्या हातातले आहे. युरिया पाण्यावर फेकला की आयता नत्र मिळाल्याने साधे हिरवे शेवाळ माजते आणि नत्र स्थिर करणाऱ्या जाती मागे पडतात. दिवसा त्या वाढीने पाण्याचा सामू (पीएच) चढतो व युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. शेतकऱ्याचे असे दुहेरी नुकसान होते.

म्हणून कोकणात रुजलेल्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, या इतिहासात महत्त्वाची वाटते. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचली जाते. ती आणली खत वाचवायला, शेवाळाचा विचार करून नव्हे. पण नत्र चिखलात खाली राहतो, वरच्या पाण्यात फारसा येत नाही, आणि खोल दिलेल्या खताने शेवाळाचे काम फेकलेल्या खताइतके दबत नाही, हे भाताच्या इतर प्रदेशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. उणीव एकच: गोळीतला स्फुरदही खालीच अडकतो. पाण्यातल्या शेवाळासाठी स्फुरदाची थोडी मात्रा हप्त्याहप्त्याने वरून दिली तर नत्र स्थिरीकरण वाढते, हेही प्रयोगांत आढळले आहे. जांभ्याच्या आम्ल खाचरांत खोल गोळी आणि वरून स्फुरद ही जोड वापरायची तर आधी तिथल्या मूळच्या जाती मोजाव्या लागतील.