डिझाइनचा कागद निवडायचाय? आधी फोटोचा प्रिंट हातात घ्या

अल्बमच्या कागदाचं आमचं दुकान. काउंटरवर मोबाईल पुढे येतो. "ह्या फोटोला कुठला कागद शोभंल, बघा की." आम्ही विचारतो, प्रिंट आहे का? "प्रिंट काय, नंतर काढतो. तुम्ही आधी कागद तर काढा." इथंच आमचा आणि गिऱ्हाइकाचा पहिला खटका उडतो. शनिवार-रविवारी हेच बोलणं इतक्या वेळा होतं, की शेवटी हे पत्रक छापून काउंटरवर ठेवलं. पिशवीत टाकून न्या, घरी निवांत वाचा.

स्क्रॅपबुक म्हणजे नक्षीच्या कागदावर फोटो सजवून केलेला अल्बम, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही घरी अल्बम करताय किंवा आमच्याकडून करून घेताय, म्हणून तर हे पत्रक तुमच्या हातात आहे. तेव्हा कात्री-डिंकाचं राहू दे. ज्या एका सवयीपायी तुमचे पैसे आणि आमचे तास वाया जातात, तिच्याबद्दलच बोलू.

मोबाईलवरचा रंग हा फोटोचा रंग नव्हे

मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो. लाल, हिरवा आणि निळा उजेड कमीजास्त मिसळून तो बाकीचे रंग दाखवतो. कागदाचं उलटं. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते, उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून पडद्यावर झगमगणारा पोपटी किंवा भगवा प्रिंटमध्ये एक पायरी खाली उतरतो आणि सावलीतले चेहरे आणखी काळवंडतात. त्यात प्रत्येकाच्या मोबाईलची तऱ्हा वेगळी. कुणाचा ब्राइटनेस पूर्ण वर, कुणाचा बॅटरी वाचवायला अगदी खाली. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून जी पिवळसर सेटिंग लावतात, तिनं तर आमचा घात केलाय. ती पडद्यावरचा निळा कमी करते आणि पांढरा शर्ट तुपासारखा दिसायला लागतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा अल्बम होता. एक वहिनी दुकान बंद व्हायच्या वेळी आल्या, मोबाईलवर फोटो दाखवले आणि त्यांना शोभतील असे मोहरीच्या रंगाचे, साय-पिवळ्या नक्षीचे वीस कागद स्वतः निवडले. फोटो मधाळ दिसत होते, कागदही मधाळ. आम्ही प्रिंटचा विषय काढला, पण त्यांना घाई होती आणि आम्हालाही शटर ओढायचं होतं. चार दिवसांनी प्रिंट घेऊन आल्या. हॉल पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांचा, मागं निळे फुगे, बाळाचा झबलाही पांढरा. त्या निळसर-पांढऱ्या प्रिंटखाली आमचे कागद शिळ्या पिठल्यासारखे दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कागद बदलून तर दिला नाही?" आम्ही त्यांच्याच मोबाईलवर ती पिवळी सेटिंग बंद करून दाखवली, तेव्हा दोघंही गप्प झालो. तोवर आठ कागद कापून झाले होते. नुकसान निम्मं-निम्मं वाटून घेतलं, पण दोन दिवस त्या एकाच अल्बमात गेले.

तेव्हापासून दुकानाचा नियम आहे: प्रिंट टेबलावर आल्याशिवाय आम्ही डिझाइनच्या कागदाला कटर लावत नाही. हा हट्ट तुम्हाला दोन फेऱ्या मारायला लावण्यासाठी नाही. प्रिंट आमच्याकडेही निघतात, पण तुमच्या ओळखीच्या फोटो लॅबमधून काढून आणलेत तरी हरकत नाही. सगळे काढायला जमत नसेल तर अल्बमातले मुख्य दोन-तीन तरी काढा. त्याच लॅबमधून, त्याच कागदावर बाकीचे निघणार असतील तर तेवढ्यावरून रंगाचा अंदाज येतो.

आणि बघायचं ते दाराशी, दिवसाच्या उजेडात. आमच्या दाराला लागून एक लांब टेबल मोकळं ठेवलंय ते ह्याचसाठी. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात नेले की फारकत घेतात. साडी आणि ब्लाउजपीस घेताना तुम्ही काय करता? दुकानदाराला सांगून दाराशी नेऊन बघता. मग कागदालाच वेगळा न्याय का?

पान केवढं, फोटो केवढा

आपला नेहमीचा कागद १२ × १२ इंची. म्हणजे १४४ चौरस इंच. फोटो ४ × ६, म्हणजे २४. पानावर एकच फोटो लावला तर सहापैकी पाच भाग कागदच दिसणार. दोन लावले तरी दोन-तृतीयांश कागदच. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. फोटोपेक्षा कागद जास्त दिसणार असेल तर तो गप्प बसणारा हवा, किंवा मग थोडाच दिसायला हवा.

थोडाच कसा दाखवायचा? खाली एकरंगी कार्डशीट, म्हणजे जाड साधा कागद, घ्या आणि डिझाइनच्या कागदाची तीन इंच रुंद पट्टी आडवी लावा. फोटो अर्धा त्या पट्टीवर, अर्धा कार्डवर. एका कागदातून अशा चार पट्ट्या निघतात, म्हणजे चार पानं सजतात. ह्यात आमचे तीन कागद कमी खपतात हे आम्हालाही कळतं, पण असा अल्बम बघून शेजारीण आमच्याकडे येते, त्याचं काय!

फोटोला बॉर्डर मात्र सोडू नका. ४ × ६ च्या फोटोमागं साडेचार × साडेसहाचं साधं कार्ड लावलं की चारी बाजूंनी पाव इंच रेघ दिसते. कागद कितीही नक्षीदार असला तरी ही पाव इंचाची रेघ डोळ्याला सांगते की इथं नक्षी संपली, इथून माणसं सुरू.

साडीचा नव्हे, काठाचा रंग धरा

आता रंगाचं. बहुतेक जण फोटोतला सगळ्यात मोठा रंग पकडतात आणि त्याच रंगाचा कागद मागतात. हिरवा शालू, म्हणून हिरवा कागद. मग शालू कागदात विरघळतो आणि नवरीचं तोंड तेवढं तरंगत राहतं. त्यापेक्षा फोटोत जो रंग थोडासाच आहे तो शोधा: शालूचा काठ, हातातला चुडा, मुंडावळ्यांचे मोती, मागच्या पडद्याची झालर. तो रंग कागदात आला की फोटोतली ती बारीक गोष्ट उठून दिसते आणि शालूही शालूच्या जागी राहतो.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जोतिबाच्या यात्रेचे फोटो. चैत्रात हे फोटो ढिगानं येतात. गुलालानं माणसं गुलाबी, सासनकाठ्या गुलाबी, पायऱ्या गुलाबी, आभाळसुद्धा गुलाबी. आणि मागणी कुठल्या कागदाची? गुलाबी. आम्ही अशा वेळी प्रिंट आधी गुलाबी फुलांच्या कागदावर ठेवतो, मग शेजारी राखाडी, दगडी पोताच्या कागदावर. काही बोलावं लागत नाही. गुलाबीवर गुलाल मेलेला वाटतो, राखाडीवर तो उधळल्यासारखा दिसतो. डोंगरावरची देवळं काळ्या दगडाची आहेत, तोच दगड आपण पानभर पसरतो, एवढंच. एका मामांनी तो प्रिंट तीनदा इकडून तिकडं सरकवून बघितला आणि म्हणाले, "गुलाल आत्ता पडला बघा!"

पावसाळ्यातला पन्हाळा नेमका ह्याच्या उलट. धुकं, ओली तटबंदी, राखाडी-हिरवं सगळं. तिथं भडक कागद लावला की धुकं उडून जातं. फिक्या पानापानांचा किंवा अगदी मंद रेघांचा कागद घ्या आणि कुणाच्या रेनकोटाचा पिवळा असेल तर त्या पिवळ्याची बोटभर पट्टी. तेवढ्यानं काम होतं. तालमीतल्या फोटोंना तांबड्या मातीचा रंग आधीच भरपूर असतो. त्यांना खाकी किंवा साधा तपकिरी क्राफ्ट कागद द्या, फुलं नकोत. पैलवान फुलांच्या कागदावर लावून मागणारेही येतात, आम्ही लावूनही देतो, पण मनापासून नाही.

आजोबांचे जुने कृष्णधवल फोटो खरं तर काळे-पांढरे राहिलेले नसतात, काळानं तांबूस-पिवळे झालेले असतात. त्यांच्याखाली दुधासारखा पांढरा कागद ठेवला की फोटो मळका वाटतो. साय, बदामी, चहाचा रंग असं काही घ्या. आणि मूळ फोटो चिकटवू नका. आमच्याकडे स्कॅन करा किंवा कुठंही करा, पण पानावर प्रत लावा. एकदा चिकटवलेला जुना फोटो सोडवताना त्याचा वरचा थर कागदाबरोबर निघून येतो आणि मग तो कुणालाच परत आणता येत नाही. मूळ फोटो आम्ही चिकटवून देत नाही. फारच आग्रह असेल तर चार कोपऱ्यांना फोटोचं टोक अडकवायचे छोटे फोटो कॉर्नर लावून देतो, म्हणजे पाहिजे तेव्हा काढता येतो.

नक्षी आणि तोंडं

ठिपक्यांच्या कागदावर लग्नाचा ग्रुप फोटो लावून बघा. ४ × ६ मध्ये पंचवीस-तीस माणसं उभी असली की एकेक तोंड वाटाण्याएवढं होतं. कागदावरचे ठिपकेही वाटाण्याएवढेच. मग डोळ्याला कळत नाही की मावशी कुठं संपते आणि ठिपका कुठं सुरू होतो. नक्षीचा आकार फोटोतल्या तोंडाएवढा नको, एवढं लक्षात ठेवा. एक तर तोंडापेक्षा बरीच बारीक घ्या, किंवा बरीच मोठी घेऊन फोटोपासून लांब, पानाच्या कोपऱ्यात ठेवा. एकट्या बाळाचा जवळून काढलेला फोटो असेल तर तुम्हाला मोकळीक आहे, तिथं ठिपके गोडच दिसतात.

प्रिंट कागदावर ठेवा, चार पावलं मागं जा आणि डोळे किलकिले करा. आधी तोंड दिसलं तर कागद बरोबर. आधी फूल दिसलं तर तो कागद परत गठ्ठ्यात ठेवा, कितीही आवडला असला तरी. तो पाकिटाला किंवा अल्बमच्या आतल्या पुठ्ठ्याला वापरू.

कोयऱ्या, मोर, कंदील, अक्षरं अशी ज्यांना वर-खाली आहे ती नक्षी कापण्याआधी सांगा पान कुठल्या बाजूनं उघडणार. उलटा मोर परत सुलटा करता येत नाही.

प्रिंट काढताना

मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ मापाचा असतो, प्रिंट ४ × ६ चा. सहा इंच रुंदीला तो फोटो साडेचार इंच उंच होतो, म्हणजे अर्धा इंच कुठून तरी कापावाच लागतो. तो बहुतेक वेळा फेट्याचा तुरा असतो. काय कापायचं ते लॅबला आधी सांगा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की तो लहान होऊन येतो. ४ × ६ ला १२०० × १८०० पिक्सेल असले की प्रिंट स्वच्छ निघतो. प्रिंट शक्यतो चकाकी नसलेल्या कागदावर घ्या, बोटांचे ठसे कमी दिसतात.

आमचा कागद महाग का

हाही नेहमीचा प्रश्न. गिफ्टला गुंडाळायचा कागद स्वस्त मिळतो, नक्षीही छान असते, मग तोच का नको? तो पातळ असतो आणि डिंकाच्या ओलाव्यानं फुगतो. शिवाय स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य बहुधा राहिलेलं असतं. उन्हात ठेवलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्यामुळंच. आमच्याकडचे अल्बमचे कागद अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री, म्हणजे कागद पिवळा पाडणारं आम्ल आणि लिग्निन नसलेले आहेत, पाकिटावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या. नातवंडांनी बघावा असा अल्बम असेल तर हे पैसे लावा. शाळेच्या प्रोजेक्टला नको, तिथं गिफ्टचा कागद खुशाल वापरा, आम्हीच देतो.

चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप. पाण्यातला पांढरा डिंक पानाला लाटा आणतो, पावसाळ्यात तर तो वाळतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतला ओलावा ओढतो, म्हणून त्या दिवसांत अल्बमला चार दिवस जास्त सांगतो. तो आळस नाही.

न कापलेला, न मुडपलेला कागद सात दिवसांत बदलून मिळेल. कापलेला मिळणार नाही. कागद गुंडाळी करून गाडीच्या डिकीत घालू नका, विनाकारण घडी पडते आणि मग "दुकानातूनच असा आला" हे ऐकावं लागतं. पुठ्ठा आम्ही फुकट देतो, मागून घ्या.

टेबलावर बसून निवडायला सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ बरी, उजेड चांगला असतो आणि गर्दी कमी. प्रिंट, असेल तर साडीचा किंवा झबल्याचा एखादा तुकडा, आणि घरातलं ज्याचं शेवटी चालतं ते माणूस, एवढं बरोबर आणा.