पहिल्या अनुभवांची चित्रपुस्तकं (बडोद्याच्या मराठी घरांसाठी)

दीड-दोन ते सहा वर्षांच्या मुलांना रोजच्या आयुष्यातल्या नव्या गोष्टी, म्हणजे डॉक्टरकडे जाणं, बालवाडीचा पहिला दिवस, केस कापणं, घरात बाळ येणं, घर बदलणं, पहिला रेल्वे प्रवास, हे सगळं चित्रांतून आधीच दाखवणारी छोटी पुस्तकं म्हणजे पहिल्या अनुभवांची चित्रपुस्तकं. यात राजा-राणी नसतात, राक्षस नसतो, बोलणारा ससा असलाच तर तोसुद्धा दात दाखवायला डेंटिस्टकडे निघालेला असतो. गोष्ट अशी फार नसते, आधी काय होतं आणि मग काय होतं एवढंच, मोठ्यांना ते कंटाळवाणं वाटतं पण मुलाला नेमकं तेच हवं असतं, कारण आपल्याला कुठे नेतायत, तिथे कोण भेटणार, परत घरी कधी येणार यातलं त्याला काहीच माहीत नसतं आणि आपण मात्र "चल पटकन" म्हणत त्याच्या पायात चप्पल अडकवत असतो.

अशा पुस्तकाचा कस एका-दोन पानांतच लागतो. समजा लस टोचण्याचं पुस्तक आहे. आधी दवाखान्यातलं बाकडं, शेजारी रडणारं दुसरं मूल, मग वजनकाटा, मग डॉक्टरांचा गार स्टेथोस्कोप, दंडावर स्पिरिटचा ओला बोळा, मग सुई, मग रडू, मग दंड चोळणारी आई आणि घरी जाणारी रिक्षा. इतकं बारीक दाखवलं की मुलाला प्रत्यक्ष दवाखान्यात "आता बोळा, मग सुई, मग रिक्षा" असा हिशोब लावता येतो आणि भीती पूर्ण गेली नाही तरी आवरता येते. ज्या पुस्तकात "अजिबात दुखत नाही" लिहिलंय आणि सगळी मुलं हसतायत ते पुस्तक घेऊच नये, कारण दुखतं ना, आणि मग मुलाचा पुस्तकावरचाच काय, वाचून दाखवणाऱ्या आजीवरचाही विश्वास उडतो. चित्रकाराचं निम्मं काम मुलाच्या उंचीवरून बघण्यात असतं, टेबलाची कड डोळ्यासमोर, मोठ्या माणसांचे गुडघे आधी आणि चेहरे नंतर. मजकूर पानाला एक-दोन वाक्यं. पानं बहुतेक वेळा 24 किंवा 32, कारण छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून 8 किंवा 16 पानांचा फर्मा होतो आणि त्याच हिशोबात पुस्तक बसवावं लागतं. अगदी लहानग्यांसाठी जाड पुठ्ठ्याची, कमी पानांची पुस्तकं निघतात.

कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस हे सचित्र पुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं, त्यात पाव भाजणं, कपडे शिवणं अशा रोजच्या कामांची चित्रं आणि खाली दोन भाषांत मजकूर होता. 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या ल्युसी स्प्रेग मिचेल यांनी लहान मुलांना परीकथांआधी त्यांच्या आजूबाजूचं जग द्यावं असं ठासून मांडलं आणि तशा गोष्टींचं पुस्तकच काढलं. पुढे नेदरलँड्समध्ये डिक ब्रुना यांची मिफी ही ससुली 1955 पासून मुलांच्या साध्यासाध्या अनुभवांतून फिरली, आणि 1980 च्या दशकात इंग्लंडच्या अस्बोर्न प्रकाशनाने 'पहिले अनुभव' अशी मालिकाच काढली, त्यातली स्टीफन कार्टराइट यांची चित्रं आणि चित्रात लपलेलं पिवळं बदक शोधायला मुलांना आजही आवडतं. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कॅरोल ग्रे यांनी 1990 च्या दशकात पुढे आणलेल्या 'सोशल स्टोरीज', म्हणजे एखाद्या प्रसंगात काय काय होतं ते समजावणाऱ्या छोट्या गोष्टी, याच जातकुळीतल्या.

आपल्याकडे या विचाराचं मूळ गुजराती-मराठी एकत्रच रुजलंय आणि बडोदेकरांनी हे अभिमानाने लक्षात ठेवावं. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करायला गेल्या, आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. हात धुणं, बटण लावणं, पाणी ओतणं हे शिक्षणच आहे, असं मानणारी ही माणसं. पुस्तकांच्या बाजूला नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट दोन्ही 1957 चे. मराठीत या प्रकाराला खरं घरपण दिलं ते माधुरी पुरंदरे यांनी, लेखनही त्यांचं आणि चित्रंही त्यांची. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या 'राधाचं घर' या संचात घरातली एकेक व्यक्ती भेटते, बाकी काही घडत नाही, आणि तरी मुलं ती पुन्हा पुन्हा मागतात. 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 2015 पासून मराठी आणि गुजराती दोन्हीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात त्यांना तर हे फारच सोयीचं.

बडोद्याची स्वतःची तयारीही कमी नव्हती. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभारली, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच काळातली. मुलांसाठी श्री सयाजी बाल ज्ञानमाला ही पुस्तकमालाही निघाली, पण ती जरा मोठ्या, वाचता येणाऱ्या मुलांची. नंतर एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 मध्ये सुरू झाली आणि तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तिथल्या फाइन आर्ट्स फेअरच्या निमित्ताने खेळणी आणि मुलांची चित्रपुस्तकं केली. त्याच युनिव्हर्सिटीत होम सायन्सची चेतन बालवाडी आहे. म्हणजे चित्रकार इथे, बालशिक्षणवाले इथे, लायब्ररी इथे, मराठी कुटुंबं दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या, सगळं एका रिक्षाच्या अंतरावर.

तरीही इथल्या मराठी मुलाच्या हातात येणारी पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईची असतात. ती उत्तमच आहेत, पण पहिला अनुभव हा नेहमी कुठल्यातरी गावातला असतो. इथलं मूल घरात मराठी ऐकतं, जिन्यात गुजराती आणि नर्सरीत इंग्लिश-गुजराती मिसळून, त्यामुळे शाळेच्या पहिल्या दिवशी आई दिसेनाशी होते आणि त्याच मिनिटाला ओळखीची भाषाही जाते, हे दुहेरी कठीण आहे आणि ते दाखवणारं पान हवं, "टीचरबेन काय म्हणाल्या ते कळलं नाही, मग त्यांनी बोटाने डबा ठेवायची जागा दाखवली" एवढं जरी असलं तरी पुरे. उत्तरायणचंही, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचंही तसंच, 14 जानेवारीला गच्चीवर सकाळपासून स्पीकर, "काइपो छे" (पतंग कापला) असा आरडाओरडा, मांज्याने कापलेली बोटं, आणि आपलं दोन वर्षांचं मूल कानावर हात ठेवून खाली चल म्हणत असतं. नवरात्रातला पहिला गरबा आणि टोचणारी चनियाचोळी, गणपतीतले ढोल आणि विसर्जनाला मूर्ती पाण्यात जाताना येणारं रडू, कामाठीबागेतली छोटी आगगाडी, या सगळ्यावर पुस्तकं होऊ शकतात आणि व्हायलाच हवीत.

वाचायची पद्धतही इथे वेगळी पडलीय. गुजराती माध्यमात शिकलेली आई गुजराती पुस्तक समोर धरून तोंडाने मराठी सांगते, आजी देवनागरी वाचते, मूल दोघींकडून ऐकतं आणि चित्र तेच असल्यामुळे गोंधळत नाही. यात काही चूक नाही, उलट याच वयात दोन्ही भाषा एका चित्राला चिकटतात. प्रसंगाच्या दोन-तीन दिवस आधीपासून वाचावं, आदल्या रात्री पहिल्यांदा काढून धाक घालू नये, आणि जाऊन आल्यावर पुन्हा वाचावं, तेव्हा मूल स्वतःच "माझा बोळा गार नव्हता" असं सांगायला लागतं.

विकतचं मिळत नसेल तर घरीही करता येतं. त्याच दवाखान्याचे, त्याच शाळेच्या फाटकाचे, त्याच रिक्षा स्टँडचे मोबाइलवर फोटो काढायचे (दवाखान्यात आणि शाळेत आधी विचारून, आणि दुसऱ्या मुलांचे चेहरे टाळून), आठ-दहा प्रिंट क्रमाने लावायच्या, खाली आपल्या घरात बोलतो तसंच एकेक वाक्य जाड अक्षरात लिहायचं, शेवटचं पान घरी परत आल्याचं ठेवायचंच. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन आणि स्पायरल करून मिळतं, कोपरे तेवढे गोल कापून घ्यावेत, कारण या वयात पुस्तक तोंडात जातंच.